अनिवासी मतदार आणि जनमत चाचण्या: ‘गेलेल्यांनी गप्प बसावं’ या पोस्टला उत्तर

शारजाकर (धागाकर्ता)

दोन दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरते आहे. तिचा सारांश असा: देश सोडून गेलेले मतदानाला येत नाहीत, पण निवडणुकीआधीच्या जनमत चाचण्या इकडून तिकडे पाठवून इथली हवा बिघडवतात. म्हणून अनिवासींचं मतही काढून घ्या आणि चाचण्याही बंद करा.

‘येत नाहीत’ हे वाचून डोकं फिरलं. २०२४ च्या लोकसभेला परदेशस्थ मतदार म्हणून १,१९,३७४ जणांची नोंद होती. मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंद ५,०९७ आणि मतदान १७. सतरा! यावरून ‘यांना आस्था नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी नियम वाचावा. २०१० च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात अनिवासींच्या नोंदणीचं कलम २०अ आलं, त्यासाठी फॉर्म ६अ आला, आणि अट काय? पासपोर्टवरच्या पत्त्याच्या केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः हजर व्हा. माझं नाव गुहागरच्या यादीत, म्हणजे रायगड लोकसभा, मतदान ७ मे. इथल्या भारतीय शाळांना मोठी सुट्टी जुलैत लागते. मे महिन्यात गोदामातून रजा मागितली तर साहेब म्हणाला, परत येऊ नकोस. मग काय करायचं?

सैनिकांना आणि दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना मतपत्रिका ऑनलाइन मिळते, छापून, खूण करून पोस्टाने पाठवता येते. आमच्यासाठी प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ ला लोकसभेची मुदत संपताच रद्द झालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगानेच सैनिकांची पद्धत आम्हालाही द्या असं सरकारला कळवलं. आम्ही अजून वाट बघतोय.

घाटवाट

पोस्ट माझी नाही, पण मला ती पटते. मत देणाऱ्याला त्याचे परिणाम भोगावे लागले पाहिजेत. आमच्याकडे एप्रिलपासून टँकर. जो टँकरच्या रांगेत उभा राहत नाही, त्याने पाण्याचा मंत्री ठरवू नये, इतकं साधं आहे.

आणि चाचण्यांचं म्हणाल तर घरातलं सांगतो. पुतण्या न्यू जर्सीला. दर निवडणुकीआधी सर्व्हे पाठवतो माझ्या आईला. गेल्या वेळी तिने ठरवलेला उमेदवार बदलला, का तर ‘तो पडणारच आहे म्हणतात, मत कशाला वाया घालवू’. ऐंशी वर्षांची बाई, कधी कुणाच्या दबावाखाली आली नाही, आणि एका रंगीत तक्त्यापुढे हरली. याचा मला आजही राग आहे.

आकडेवाला

घाटवाट, तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण एका घरावरून बंदी मागू नका. आणि लोक एक्झिट पोल (मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारून केलेला) आणि मतदानाआधीची जनमत चाचणी यांची सारखी गल्लत करतात. एक्झिट पोलवर कलम १२६अ आहे, पहिल्या टप्प्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत बंदी. जनमत चाचणीवर मतदानाआधीचे ४८ तास, तेही टीव्हीसारख्या माध्यमांवर. आयोगाने १९९८ मध्ये स्वतःच्या अधिकारात निर्बंध घालून पाहिले, सुप्रीम कोर्टात ते टिकले नाहीत, मागे घ्यावे लागले.

खरा घोळ टक्क्यांवरून जागा काढण्यात होतो. २०१९ ते २०२४ भाजपची मतं टक्क्याहूनही कमी घसरली, जागा मात्र ३०३ वरून २४० झाल्या. महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत टक्क्याचाही फरक नव्हता, जागा महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. अशा ठिकाणी कुठल्याही चाचणीचा जागांचा आकडा छातीठोक असू शकत नाही. तेव्हा मागायचंच असेल तर नमुना किती, कुठे घेतला, पैसे कुणी दिले हे छापायची सक्ती मागा.

घाटवाट

२०२४ ला ३ जूनला एक्झिट पोल बघून बाजार वर गेला आणि ४ जूनला सेन्सेक्स चार हजारांवर अंकांनी कोसळला. त्यात कित्येकांची बचत गेली. ते पैसे नमुना छापून परत येतात का?

तिसवाडी

गोव्यातून लिहितोय. लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले आमच्या वाड्यावर कितीतरी आहेत. पासपोर्ट घेतला की इथलं नागरिकत्व गेलं, मतदार यादीतलं नावही गेलं पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझी मावशी स्विंडनला राहते, तिला पोर्तुगालच्या संसदेची मतपत्रिका पोस्टाने घरी येते. जिने लिस्बन जेमतेम पाहिलंय, तिला मत आहे. आणि माझा भाऊ, भारतीय पासपोर्ट जपून ठेवून जहाजावर नोकरी करणारा, त्याला काहीच नाही. मतदान आलं की तो कुठल्यातरी समुद्रात असतो. हा कसला न्याय?

घाटवाट

बरं झालं पोर्तुगाल काढलंत. मे २०२५ मध्ये तिथे परदेशातली मतं मोजल्यावर शेगा हा कडवा पक्ष समाजवाद्यांना मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर गेला. ६० विरुद्ध ५८. विरोधी पक्ष कोण हे बाहेर राहणाऱ्यांनी ठरवलं. रोमानियात २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत परदेशस्थांचं बहुमत कडव्या राष्ट्रवादी सिमियनकडे होतं, देशातल्या लोकांनी त्याचा प्रतिस्पर्धी निकुशोर दानला निवडलं. आपल्याकडे वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांवर लागला. तिथे दुबई-शिकागोहून टपाली मतांचे हजार लिफाफे आले असते तर?

शारजाकर

तर ती हजार भारतीय नागरिकांची मतं असती. निकाल आवडणार नाही म्हणून मतदार कमी करायचे, हा मार्ग एकदा धरलात तर उद्या तुमचाच तालुका गाळतील.

केजकर

बाकी सगळं वाचलं. आता माझं ऐका, कारण शारजा आणि न्यू जर्सीवर एवढं लिहिलंत आणि बीड जिल्ह्याबद्दल एकाने अवाक्षर काढलं नाही.

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान २० तारखेला, गाळप हंगामाची तारीख १५. आमच्या तांड्यावरून दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, मुकादमाने गाडी लावली की बसावंच लागतं. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. माझे आईबाप असेच गेले आयुष्यभर, पाठीमागे आम्ही आजीकडे. कित्येक निवडणुका त्यांनी फडातच काढल्या. त्यांचं नागरिकत्व कुठे गेलं होतं? पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, आपल्याच राज्यात ३०० किलोमीटरवर ऊस तोडत होते.

मत द्यायचं तर उमेदवाराने पाठवलेल्या जीपने यायचं. जीप कुणाची, डिझेल कुणाचं, जेवण कुणाचं हे सगळ्या टोळीला माहीत असतं. मग मत कुणाला, हे कुणी विचारत नाही.

आकडेवाला

आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र आणलं होतं की. एका यंत्रात ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ मध्ये प्रात्यक्षिकासाठी पक्षांना बोलावलं, विरोधकांनी शंका घेतल्या, विषय तिथेच थांबला.

केजकर

थांबला कारण ऊसतोड कामगार ट्विटरवर नाही. ते यंत्र उघडून बघा, त्याबद्दलच्या शंकांची उत्तरं देता येतील. साखर कारखान्याच्या अड्ड्यावर शंभर झोपड्या एका जागी असतात, मतदान केंद्र लावायला यापेक्षा सोपी जागा कोणती? आम्हाला द्यायचं नाही आणि शारजाला लिफाफे पाठवायचे, हे मी मान्य करणार नाही.

शारजाकर

केजकर, मी काय एसीत बसलेला वाटलो का तुम्हाला? गोदामात आहे, सांगितलं वर. माझं मत तुमच्या आईबापांचं मत अडवून मागत नाहीये. जीपचं जे सांगितलंत तेच आमच्याकडे विमानाचं आहे. केरळच्या संघटना आखातातून अख्खी विमानं ठरवून मतदार नेतात, वोट विमान म्हणतात त्याला. म्हणून तिथला आकडा मोठा. हजर राहायची सक्ती ठेवलीत की ज्याच्याकडे भाड्याचे पैसे, त्याच्याच हातात मतदार जातो. फडात असो नाहीतर आखातात.

अनुराधा_कुवेत

मी परिचारिका आहे, आणि शारजाकरांच्या लिफाफ्याला माझा विरोध आहे. आमच्या इस्पितळात सफाई करणाऱ्या बायकांचे पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात. कायद्याने चालत नाही, तरी चालतं. एका खोलीत सहा-आठ जणी. त्यांनी मतपत्रिका छापायची कुठे? ठेकेदाराच्या ऑफिसात. खूण कुणासमोर करायची? ठेकेदाराच्या माणसासमोर. सैनिकांची पद्धत तशीच्या तशी उचललीत तर संगणक आणि स्वतःची खोली असणाऱ्याला मत, बाकीच्यांचं मत मुकादमाला. प्रतिनिधीचं विधेयक तर त्याहून वाईट होतं. माझ्या सासरी दीर सगळ्यांच्या सह्या करतो, मतही त्यानेच दिलं असतं.

घाटवाट

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. गेलेले म्हणजे पुतण्यासारखे, असंच माझ्या डोळ्यासमोर होतं. सफाईवाल्या बायकांना मत नको असं मी म्हणणार नाही. पण न्यू जर्सीबद्दलचं मत बदललेलं नाही.

शारजाकर

अनुराधाताई, प्रतिनिधीचं सोडून दिलं. लिफाफ्याबद्दल तुमचं म्हणणं गल्फपुरतं मानावं लागेल, मन मानत नाही तरी. मग कॉन्सुलेटमध्ये केंद्र द्या. पासपोर्टच्या कामाला, शिबिराला लोक येतात ना? माझ्या गोदामातल्या फिलिपिनो पोरांना २००३ पासून परदेशातून मत आहे, २०२५ ला तर त्यांनी फोनवरून दिलं. जेवणाच्या सुट्टीत! मी बाजूला बसून बघत होतो. भारताला हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये.

तिसवाडी

जहाजावर कॉन्सुलेट नसतं. माझ्या भावासाठी लिफाफाच लागेल.

अनुराधा_कुवेत

ज्याला खोली आहे त्याने लिफाफा निवडावा, बाकीच्यांना केंद्र. पण केंद्र शुक्रवारी ठेवा, आमची सुट्टी तेव्हा.

आकडेवाला

आणि चाचण्यांबद्दल कुणीच बोलत नाहीये आता.

घाटवाट

मी बोलतोय. नमुना आणि पैशाचा मालक छापायची सक्ती, आणि ४८ तासांऐवजी पंधरा दिवस बंदी. त्याखाली येणार नाही.

आकडेवाला

पंधरा दिवस बंदी घातलीत तर चाचण्या थांबणार नाहीत, फक्त पक्षांच्या कचेऱ्यांत राहतील. त्यांना कळेल, तुमच्या आईंना कळणार नाही.

घाटवाट

आईला न कळलेलंच बरं.

शारजाकर

मी आयोगाला पाठवायला निवेदन लिहितोय. कॉन्सुलेटमध्ये केंद्र, खलाशांना टपाली मतपत्रिका, राज्याबाहेर आणि जिल्ह्याबाहेर कामाला गेलेल्यांना कामाच्या जागी केंद्र. केजकर, तुमचं नाव घालू का?

केजकर

ऊसतोड पहिल्या क्रमांकावर असेल तर घाला. तिसऱ्यावर ठेवणार असाल तर माझी सही नाही. आणि ‘कामाला गेलेले’ असं मोघम नको, कारखान्याचा अड्डा असं स्पष्ट लिहा, नाहीतर तो कागद पुन्हा मुंबईतल्या भाडेकरूंवरच जाऊन थांबेल.