मदत हवी आहे: अँटिबॉडीला विष जोडलेलं इंजेक्शन, उद्या सही करायची आहे

अजनीकर:
भावाला ब्लड कॅन्सर आहे, त्यासाठी डॉक्टरांनी इनोटुझुमॅब सांगितलं आहे. अँटिबॉडी कॅन्सरची पेशी शोधते आणि सोबतचं विष आत सोडते म्हणाले. फॉर्मवर लिव्हरचा धोका ठळक लिहिला आहे. उद्या दुपारपर्यंत सही मागून राहिले. आई सकाळपासून ‘विष’ हा एकच शब्द घेऊन बसली आहे, जेवलीसुद्धा नाही. घ्यावं का? लवकर सांगा.

सावनेरची_लेक:
भाऊ, कोणता ब्लड कॅन्सर? वय किती? पहिल्यांदाच झाला की उलटला?

वर्धारोड:
माझ्या साळ्याला हेच दिलं होतं, गेमटुझुमॅब. थंडी वाजून ताप आला, उतरला. बिनधास्त घ्या.

रक्तदाता_नागपूर:
हेच नाही, दादा. गेमटुझुमॅब कॅन्सरच्या पेशीवरच्या सीडी33 या खुणेवर चिकटतं, एएमएल या ब्लड कॅन्सरसाठी. इनोटुझुमॅब सीडी22 या खुणेवर, बी-सेल एएलएल या दुसऱ्या ब्लड कॅन्सरसाठी. विष दोघांत एकाच जातीचं, मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं कॅलिकिॲमायसिन. गेमटुझुमॅब अमेरिकेत 2000 मध्ये आलं, 2010 मध्ये काढून घेतलं, 2017 मध्ये कमी डोसवर परत आलं.

वर्धारोड:
आमचा पेशंट आज ड्युटीवर जातो. काढून घेतलं वगैरे सांगून घाबरवता काहून?

रक्तदाता_नागपूर:
घाबरवत नाही. दुसऱ्याच औषधाच्या भरवशावर सही होऊ नये, एवढंच.

कामठीरोड:
कार-टी करा, म्हणजे पेशंटच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात ते. नेक्सकार19 आपल्याच देशातलं, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेलं, 2023 मध्ये मंजुरी मिळाली. दुरांतोनं रात्री निघा, सकाळी मुंबईत. परळकडे धर्मशाळा आहेत, आधी फोन करून जा.

सावनेरची_लेक:
राहायचं कुणी विचारलंच नाही. अजनीकर, तुम्ही कुठे गेलात?

अजनीकर:
वॉर्डात होतो. बी-सेल एएलएल, वय 31. केमो संपून नऊ महिन्यांत उलटला. सीडी22 पॉझिटिव्ह आहे. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं म्हणतात.

इंदोरा_सिस्टर:
ही शेवटची ओळ सगळ्यात आधी लिहायला हवी होती. उलटलेल्या एएलएलमध्ये 2016 च्या मोठ्या चाचणीत या औषधानं सुमारे 81 टक्के पेशंटचा आजार आटोक्यात आला, नेहमीच्या केमोनं 29 टक्के. पण 11 टक्के लोकांच्या लिव्हरच्या बारीक शिरा तुंबल्या, आणि ट्रान्सप्लांटनंतर हा धोका वाढतो. म्हणून ट्रान्सप्लांट ठरलं असेल तर शक्यतो दोनच सायकल, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, देतात. किती देणार, हे सही करायच्या आधी विचारा. आधी हिपॅटायटिस किंवा कावीळ झाली असेल तर तेही सांगा.

आमच्याकडे उजेड लागू नये म्हणून पिशवीवर काळं कव्हर चढवून तासभर ड्रिप चालते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. वजन भराभर वाढलं, पोट फुगलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, डोळे पिवळे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

अजनीकर:
लहानपणी कावीळ झाली होती! डॉक्टरांना सांगितलंच नाही. आता राउंडला येतील तेव्हा सांगतो. काटा धंतोलीतून आणतो. बहिणीची एचएलए तपासणी, म्हणजे तिचा मॅरो जुळतो का ते, इंजेक्शननंतर करायची का?

इंदोरा_सिस्टर:
नंतर कशाला? आजच विचारा, रिपोर्ट यायला वेळ लागतो. आणि आईला जेवू घाला.