शब्दचर्चा : ‘नस ब्लॉक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (इंदूर) : दात्याच्या मूळपेशींचे रोपण झालेल्या मुलांच्या पालकांसाठी मराठी पत्रक करतोय, मसुदा सोबत जोडलाय. व्हीओडीला (व्हेनो-ऑक्लुसिव्ह डिसीज, यकृतातले रक्तमार्ग अरुंद होण्याचा आजार) ‘शिरारोध’ चालेल? इथे वॉर्डात सगळे ‘लिवर की नस ब्लॉक’ म्हणतात, मराठी घरांतही तेच रुळलंय.

– ‘नस ब्लॉक’ नकोच. ऐकल्याबरोबर लोक स्टेंटचं विचारतात. ‘शिरारोध’ही नेमका नाही. बिघाड मोठ्या शिरेत नसतो, यकृतातल्या अतिसूक्ष्म रक्तमार्गांत असतो. रोपणाआधी देतात त्या बुसल्फानसारख्या केमोच्या औषधांनी त्यांचं अस्तर दुखावतं, फटी पडतात, तांबड्या पेशी अस्तराखाली शिरून ते उचलतात. वाट अरुंद होते नि मागे रक्त तुंबतं. सरळ ‘यकृतात रक्त तुंबणे’ लिहा.

– तुंबणे उत्तम. पण लक्षणांत ‘कावीळ’ पहिली नको, ताई. मुलांत बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) न वाढताही हा त्रास होतो. आधी वजन : मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढ, किंवा लघवीचं औषध देऊनही सलग ३ दिवस चढतंच. १८ किलोच्या मुलाला ९०० ग्रॅम म्हणजे ५ टक्के झाले, आणि घरच्यांना वाटतं पोर बाळसं धरतंय! म्हणून ‘वजन वाढणे’ नव्हे, ‘अंगात पाणी साठणे’. पोटाचा घेर बेंबीवरून, कातडीवर पेनाची खूण करून, रोज त्याच जागी मोजायला सांगा. प्लेटलेट चढवूनही आकडा न वाढणं हेही घाला. त्रास रोपणानंतर ‘२१ दिवसांच्या आत’ होतो, हे मात्र काढा. मुलांसाठीच्या २०१८ च्या युरोपीय निकषांत ती मर्यादा नाही.

– टीएमएखाली (थ्रॉम्बॉटिक मायक्रोअँजिओपॅथी, रोपणानंतर होणारा बारीक रक्तवाहिन्यांचा दुसरा आजार) ‘रक्ताच्या गाठी’ लिहिलंय. कॅन्सरच्या घरात गाठीचा एकच अर्थ होतो! ‘बारीक गुठळ्या’ करा. मूत्रपिंडाच्या केशवाहिन्यांत त्या अडकतात, त्यांतून जाताना तांबड्या पेशी फाटतात. एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारं द्रव्य) नि बीपी वाढतं, लघवीतून प्रथिनं जातात. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचाही त्यात हात असू शकतो. पण ती स्वतःहून थांबवू नयेत, हे ठळक छापा.

प्रश्न : आणि व्हीओडीवरचं औषध, डेफिब्रोटाइड? ‘रक्त पातळ करणारं औषध’?

– नको, लोक हृदयाच्या गोळ्यांशी घोळ घालतील. ‘अस्तर सावरणारं औषध’ म्हणा. रक्तस्रावाचा धोका मात्र वेगळा लिहा. उपचाराच्या मात्रेतलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सोबत देत नाहीत. डेफिब्रोटाइडची मात्रा दर ६ तासांनी किलोमागे ६.२५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोला १२५. प्रत्येक वेळी २ तास चालतं, किमान २१ दिवस. ‘अंतःशिरा’ खोडून ‘सलाईनमधून’ करा.