मदत हवी आहे: आकडा दोनदा उमटलाय, डबल डाय की नुसती झीज?

घाईत_आहे
नाण्यावरचा शेवटचा आकडा चक्क दोनदा दिसतोय. एक जण म्हणतो डबल डाय, दुसरा म्हणतो झिजलंय, फेकून दे. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय. लांबलचक माहिती नको, डबल डाय आहे की नाही एवढंच सांगा. फोटो जोडलाय. उद्या एकाला नाणं दाखवायचंय.

भिंगवाला
कुठलं नाणं? साल? फोटोत तुमचा अंगठा झकास आलाय, त्याच्यामागे काहीतरी तांबूस आहे.

चिल्लर_सम्राट
१००% डबल डाय! माझ्याकडेही अगदी असंच आहे. अजिबात विकू नका.

काकदृष्टी
सम्राट, अंगठा बघून १००%? धन्य आहे.
धागाकर्ते, नाणं हातात फिरून झिजलं असेल तर त्यावरचं काहीतरी कमी होतं. दुसरा आकडा झिजेतून उगवत नाही. तेव्हा दोन आकडे खरंच दिसत असतील तर कारण टाकसाळीतलंच. पण तिथेही तीन गोष्टी होऊ शकतात.
डाय म्हणजे नाण्यावर छाप मारणारा साचा. तो बनवताना मूळ नक्षी त्याच्यात एकाहून जास्त वेळा दाबायचे. दुसऱ्या वेळी जरा तिरकी बसली की साच्यातच दोन प्रतिमा. हा खरा डबल डाय. यात अक्षर जाड होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर उठावाच्या असतात आणि अक्षराच्या कोपऱ्यात बारीक खाच दिसते.
साचा सैल असला तर छाप पडल्यावर तो किंचित सरकतो आणि उठलेला धातू चेपतो. मग अक्षराच्या कडेला सपाट, चकचकीत पायरी होते आणि मूळ अक्षर बारीक होतं. त्याला मशिन डबलिंग म्हणतात, आणि ते पोत्याने सापडतं.
तिसरं म्हणजे साचाच झिजलेला. त्याने पाडलेल्या नाण्यावर अक्षराची कड बाहेर फासल्यासारखी पसरते, बहुतेकदा काठाच्या दिशेने, आणि मोकळी जागा खरबरीत दिसते.

लख्ख_नाणी
आधी सोडा लावून मऊ ब्रशने घासा. सगळं स्वच्छ दिसेल.

भिंगवाला
लख्ख, कृपा करा! घासलं की ज्या कडा बघायच्या त्याच गुळगुळीत होतात, आणि संग्राहक असं नाणं लांबूनच ओळखतो.

घाईत_आहे
घासायचं कसं हे कोणी विचारलं होतं का? आणि एवढा निबंध नको होता. लिंकनचा सेंट आहे, अमेरिकेचा, १९५५. शेवटचा ५ दुहेरी आहे. आता बोला.

काकदृष्टी
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर निबंध वाचला असता! फक्त शेवटचा ५? नाण्यावरचा लिबर्टी हा शब्द बघा. डोक्यावरची इन गॉड वुई ट्रस्ट ही ओळ बघा. तिथे काही आहे?

घाईत_आहे
नाही. तिथे नॉर्मल. पण ५ जबरदस्त आहे.

काकदृष्टी
मग नाही. १९५५ चा प्रसिद्ध डबल डाय फिलाडेल्फियाचा. त्यात पूर्ण साल, लिबर्टी आणि ती ओळ अशी दुहेरी आहे की भिंगही लागत नाही. नुसता शेवटचा ५ दुहेरी असलेल्याला अमेरिकेत 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात. तो झिजलेल्या साच्याचा प्रताप.

चिल्लर_सम्राट
म्हणजे ज्याने झीज सांगितली तोही बरोबर आणि मीही बरोबर. दोनदा आहे ना शेवटी?

भिंगवाला
तुम्ही कसे काय? त्याची झीज नाण्याची, ही साच्याची. हाताळून नाण्याचे उंच भाग आधी जातात, म्हणजे लिंकनचं गालाचं हाड, जबडा. ते अजून शाबूत असेल आणि ५ तरी फासलेला असेल तर दोष साच्याकडे. आणि उजेड एका बाजूने टाकून बघू नका, सावली दुसरा आकडा तयार करते. दहापटीचं भिंग घ्या, नाणं हळूहळू गोल फिरवा. सावली जागा बदलेल, खरी कड बदलणार नाही.

शिवराईवेडा
शिवराईवर, मुघल रुपयांवर तर दुहेरी छाप कितीतरी. हातोड्याच्या दोन घावांमध्ये नाणं हललं की झालं. त्याला डबल डाय म्हणणारे विक्रेते पाहिले की हसू येतं.

काकदृष्टी
खरंय, पण तिथे प्रत्येक नाण्याची दुहेरी वेगळी. डबल डाय एकाच साच्यातून येतो, म्हणून त्याच्या सगळ्या नाण्यांवर ती तंतोतंत तीच. म्हणूनच खात्रीच्या नमुन्याच्या फोटोशी ताडून बघता येतं.

सहज_आलो
१९५५ च्या त्या सेंटची गंमत माहीत आहे का? सिगारेटचं पाकीट २३ सेंटचं आणि मशिनमध्ये टाकायचे २५. म्हणून उरलेले २ सेंट पाकिटाच्या वेष्टनातच सरकवलेले असायचे. त्यातून बरेच बाहेर पडले.

घाईत_आहे
सिगारेटचं सोडा. ज्याला दाखवायचंय त्याच्याकडे खराखुरा १९५५ डबल डाय आहे म्हणे, बदल्यात देतो म्हणतो. घेऊ का?

भिंगवाला
गरिबाचा घेऊन श्रीमंताचा देणारा दानशूर? अहो, या नाण्याच्या नकला भरपूर आहेत. मागच्या बाजूला 'सेंट' शब्दातल्या टी च्या डावीकडे दोन अगदी बारीक उभ्या रेघा असतात. साच्यावरचे ओरखडे आहेत ते, खऱ्यावर असतात. झिजलेल्या नाण्यावर पुसट होतात, म्हणून नुसतं त्यावर जाऊ नका, वजनही करा. ३.११ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. आणि या वेळी फोटोतून अंगठा बाजूला ठेवा.

चिल्लर_सम्राट
माझ्याकडचं १९७२ चं आहे, त्यातही ७ जाड वाटतोय. नवीन धागा काढू की इथेच टाकू?