मदत हवी आहे: हँडल वळवलं की एटीव्हीचा (खडबडीत रस्त्यावरची चारचाकी) आयडल, म्हणजे थ्रॉटल न दाबता इंजिनचा वेग, चढतो

गाडी ११० सीसी, कार्बोरेटरवाली, अंगठ्याचा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर). थ्रॉटलच्या जुन्या केबलच्या तारा कार्बोरेटरच्या टोकाशी सुटायला लागल्या म्हणून नवीन टाकली. लिव्हरला फ्री प्ले (तार ताणली जाण्याआधीची ढिलाई) साधारण ४ मिमी, स्लाइडची (कार्बोरेटरमध्ये हवेची वाट उघडणारा सरकता भाग) खाच पिनेवर नीट बसलीय, लिव्हर सोडला की स्लाइड टक्कन खाली येते. तरी हँडल पूर्ण डावीकडे नेलं की इंजिन रेस होतं. उजवीकडे काहीच नाही.

जुनी शेजारी ठेवून मोजली तर नव्या केबलचं बाहेरचं आवरण २ सेंमी आखूड भरतंय. एवढ्याने तार ओढली जाईल, की स्टीअरिंगच्या दांड्याला पुढून घेतली तेच चुकलं? मागून घ्यायची असते का? अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) सैल करून आयडल उतरतो, पण मग थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, म्हणून ते नको.

नागपुरात वाडी किंवा हिंगणा एमआयडीसीकडे मापाची केबल, निपल (तारेच्या टोकाचा धातूचा गोळा) पक्कं बसवून, कोण करून देतं? आणि एक: आत टेफ्लॉन नळी आहे. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत तेल सोडलं तर चिखलच होतो. कोरडीच ठेवू, की सिलिकॉन स्प्रे चालेल?