नुसतं अंगावर खेळून मॅचेस काढता येतात का?

खारघर_सेंटरबॅक:
आमची फुटबॉल टीम आहे, ऑफिसवाले आणि कॉलेजची पोरं मिळून, पावसाळ्यात इथल्या नवी मुंबईतल्या टूर्नामेंट खेळतो. या वर्षी आमचे कोच म्हणतायत की पासिंग बिसिंग सोडा, आपल्याकडे उंच आणि दणकट पोरं आहेत, लांब बॉल मारा, अंगावर जा, सेकंड बॉल (पहिल्या टकरीनंतर सुटलेला) उचला, कॉर्नर मिळवा आणि १-० ने मॅच काढा. आणि रिझल्ट येतायत पण, चिखलात समोरच्यांना तीन पास नीट करता येत नाहीत आणि आम्ही तोपर्यंत डोक्यावर जाऊन बसतो. प्रॉब्लेम असा की आमचा एक मिडफिल्डर आहे, टीममधला सगळ्यात चांगला पाय त्याचा, तो वैतागलाय, म्हणतो बॉल नुसता डोक्यावरून येतो जातो, मी उतरू कशाला. असं खेळून अख्खी टूर्नामेंट निघते का, की नॉकआउटला एखादी खरंच चांगली टीम आली की सगळं उघडं पडतं?

घोडबंदर_अल्ट्रा:
निघते की. ग्रीस, युरो २००४. क्वार्टरला फ्रान्स १-०, सेमीला चेक रिपब्लिक १-०, फायनलला पोर्तुगाल त्यांच्याच घरी लिस्बनमध्ये १-०, आणि तिन्ही गोल हेडर. एक क्रॉसवर, दोन कॉर्नरवर. समोर झिदान, नेदवेद, फिगो असली माणसं होती. लोक त्या टीमला अजून बोरिंग म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. त्यांचा कोच रेहागेल, त्याने प्रत्येकाला मार्क करायला समोरचा एक माणूस वाटून दिला होता आणि अख्खी टूर्नामेंट कोणी आपला माणूस सोडला नाही, याला प्रचंड डोकं लागतं. त्याआधी १९८८ ची इंग्लंडच्या एफए कपची फायनल बघ, विम्बल्डन क्लबने त्या वर्षीच्या चॅम्पियन लिव्हरपूलला १-० काढलं, तोही फ्री किकवर हेडर, आणि वर त्यांचा कीपर बीझंटने पेनल्टी वाचवली. तुमचे कोच बरोबर आहेत, चिखलात तर दुसरं काही खेळूच नका.

नेरुळ_विंगर:
थांब रे, ग्रीस आणि विम्बल्डन सगळे सांगतात कारण ते कप होते, मोजक्या मॅचेस. लीगमध्ये बघ ना, प्रीमियर लीगमध्ये बर्नली २०१७-१८ ला ३८ मॅचमध्ये फक्त ३६ गोल करून सातवे आले, कमाल होती ती, पण पुढच्याच सीझनला १५वे. एका गोलवर जगायचं म्हटलं की एक डिफ्लेक्शन (कोणाला तरी लागून वळलेला बॉल) अंगाशी येतं आणि ०-१ ने मागे पडल्यावर करायचं काय, हे त्या टीमला माहीतच नसतं.
आणि दणकट खेळणं वेगळं, तंगड्या तोडणं वेगळं. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलला हॉलंडने दुसरं केलं. डी योंगने स्पेनच्या अलोन्सोच्या छातीत लाथ घातली आणि यलोवर सुटला, पण हायटिंगा १०९व्या मिनिटाला दुसरं यलो घेऊन बाहेर गेला आणि ११६व्या मिनिटाला इनिएस्ताने गोल मारला. रोबेन, स्नायडर टीममध्ये असताना असं खेळायची गरजच नव्हती, मला त्याचा अजून राग येतो.
आपल्या डी वाय पाटीलवरच २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कपची सेमी झाली, माली विरुद्ध स्पेन. मालीची पोरं अंगाने भारी होती, पळायला जबरदस्त, तरी स्पेनने ३-१ काढली.

घोडबंदर_अल्ट्रा:
माली म्हणजे नुसती ताकद असं नको बोलूस. त्यांच्या दुकुरेचा लांबून मारलेला शॉट बारला लागून लाइनच्या आत पडला होता, रेफ्रीने दिला नाही. ती टीम खेळत होती, बॉल नुसता भिरकावत नव्हती.

ऐरोली_शिट्टी:
मी लोकल मॅचेसना रेफ्री असतो, त्या बाजूने सांगतो. खांद्याला खांदा लावून बॉलसाठी भिडलात तर मी शिट्टी मारणार नाही, ते तुमचं हक्काचं आहे. निष्काळजी टॅकल असेल तर नुसती फ्री किक, समोरच्याला लागेल याची पर्वा न करता गेलात तर यलो, आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावून त्याला धोक्यात घातलंत तर रेड, मग बॉलला पाय लागलेला असो नसो. "सर बॉल खेळलो मी" हे ऐकून कान किटलेत, त्याने काही फरक पडत नाही. चिखलात तर स्लाइड मारली की माणूस थांबतच नाही, दोन मीटर आधी मारायची ती दोन मीटर पुढे जाते आणि समोरच्याचा घोटा जातो. सोमवारी त्याला पण कामावर जायचं असतं हो. हेडरला उडी मारताना कोपर खाली ठेवा, पावसाळ्यात सगळ्यात जास्त कार्ड मी त्यालाच काढतो.
आणि थ्रो-इनवर डायरेक्ट ऑफसाइड नसतो, हे अर्ध्या टीम्सना माहीत नाही. लांब थ्रो टाकणारा पोरगा असेल तर वापरा. स्टोक सिटीने त्यांच्या डेलापच्या लांब थ्रोवर प्रीमियर लीगमधला पहिला सीझन १२वं येऊन काढला, त्यात फाउल कुठेच नाही.

खारघर_सेंटरबॅक:
थ्रोवाला आहे एक, बॉक्सपर्यंत आरामात टाकतो, उद्याच बघतो. पण मिडफिल्डरचं काय करू? तो सोडून गेला तर मला खरंच वाईट वाटेल, लहानपणापासून एकत्र खेळतोय आम्ही.

नेरुळ_विंगर:
त्याला सोडूच नका. घोडबंदरने ग्रीसची सेमी सांगितली ना, त्यात डेल्लासचा हेडर सगळ्यांना आठवतो, पण कॉर्नर कोणी मारला होता? त्सिआर्तास. प्लेमेकर, डावा पाय असा की त्या टीममध्ये तसा दुसरा कोणाचा नव्हता, तो त्या मॅचला बेंचवरून आला होता. कॉर्नर नियर पोस्टला असा कापला की डेल्लासला फक्त डोकं लावायचं होतं. तुमची उंच पोरं कितीही उड्या मारोत, बॉल बरोबर जागी पडला नाही तर काय उपयोग. सगळे कॉर्नर, सगळ्या फ्री किक त्याला द्या, आणि ओपन प्लेमध्ये त्याला स्ट्रायकरच्या मागे दहा पावलांवर उभा करा, सेकंड बॉल तिथेच पडतो. कोचशी तू स्वतः बोल, त्याला बोलायला लावू नकोस.

ऐरोली_शिट्टी:
आणि कॉर्नरला कीपरला धरून ठेवायचं नाही. चिखल असो नसो, ते मला दिसतं.