एका नगरपरिषदेची करप्रणाली दुसरीला वापरायला द्यायची, तर काय करावे लागेल?

कर_संगणक_कक्ष

नमस्कार. मी एका नगरपरिषदेच्या संगणक कक्षात काम करतो. मालमत्ता कराची आकारणी, मागणी बिले आणि वसुलीच्या पावत्या यांसाठी आमच्या नगरपरिषदेने निविदा काढून एक प्रणाली तयार करून घेतली. ती जावा ही प्रोग्रामिंग भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांवर चालते आणि करारनाम्यानुसार सोर्स कोडचे, म्हणजे प्रणालीच्या मूळ लिखित आज्ञावलीचे, हक्क नगरपरिषदेकडे आहेत. शेजारच्या तालुक्यातील नगरपरिषदेला आता हेच काम करून घ्यायचे असून, त्यांच्या निविदेच्या मसुद्यातील बहुतेक कलमे आमच्या प्रणालीत आधीच पूर्ण झालेली आहेत. १९६५ च्या एकाच नगरपरिषद अधिनियमाखाली चालणाऱ्या दोन संस्थांनी त्याच कामावर जनतेचा पैसा दुसऱ्यांदा खर्च करावा, हे मला पटत नाही. कोड देण्यास मुख्याधिकाऱ्यांची हरकत नाही. मात्र नुसता कोड त्यांच्या हवाली केला म्हणजे भागेल का, त्याला परवाना कोणता लावावा आणि उद्या त्यांच्याकडे काही बिघडले तर ते कोणी पाहायचे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

धोरण_वाचक

आपला विचार केंद्राच्या धोरणाला धरूनच आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरला, प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी शासकीय प्रणालींचा सोर्स कोड खुला करून तो एकमेकांत वापरण्याविषयीचे वेगळे धोरणही आणले. त्यासाठी पुढे ओपनफोर्ज हे कोडभांडार सुरू झाले. मात्र पहिले धोरण राज्यांना ती स्वीकारतील तरच लागू होते, त्यामुळे नस्तीवर केवळ त्याचा हवाला देऊन थांबू नये. कोड खुला करण्यास स्पष्ट मान्यता देणारा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्यावा, असे मी सुचवेन.

करारनामा मात्र पुन्हा एकदा नीट वाचा. हक्क नगरपरिषदेचे असे लिहिलेले असले, तरी कंत्राटदाराने स्वतःचे आधीपासून तयार असलेले भाग, उदाहरणार्थ अहवाल छापणारा एखादा घटक, त्यात वापरलेले असू शकतात आणि त्यांचे हक्क बहुधा त्याच्याकडेच राहतात. असे भाग वेगळे काढावेत किंवा त्यांच्यासाठी लेखी परवानगी घ्यावी. इटलीने ही अडचण कायद्यानेच सोडवली आहे. तेथील डिजिटल प्रशासन संहितेच्या ६९ व्या कलमानुसार, स्वतःसाठी बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड प्रशासनाने दस्तऐवजांसह, मुक्त परवान्याखाली सार्वजनिक भांडारात ठेवणे बंधनकारक आहे, तर ६८ व्या कलमानुसार नवे काही विकत घेण्याआधी अन्य प्रशासनांकडे काय उपलब्ध आहे याची तुलना करावी लागते. ही दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण कोणी शोधायलाच आले नाही तर भांडारात कोड ठेवून उपयोग काय?

परवान्याविषयी माझे मत असे, की मुक्त परवान्यांपैकी एमआयटी परवाना सोपा आहे, परंतु त्याखालील कोड घेऊन कोणीही त्यात केलेल्या आपल्या सुधारणा बंद ठेवू शकतो. ॲफेरो जीपीएल हा मुक्त परवाना लावल्यास, बदललेली प्रणाली जो कोणी नेटवर्कवरून लोकांना वापरायला देईल, त्याला त्या वापरकर्त्यांसाठी बदललेला कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. जनतेच्या पैशातून झालेल्या कामाला मी ॲफेरो जीपीएलच निवडेन.

नगरप्रणाली_विकसक

परवाना लवकर ठरेल, खरे काम कोडमध्येच आहे. आपल्याकडे मालमत्ता कराच्या बिलावर राज्य शासनाचे शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतात, शिवाय वृक्ष कर असतो आणि थकबाकीवर शास्तीही लागते. यांचे दर आणि सवलती थेट जावाच्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतील, तर शेजारची नगरपरिषद पहिल्याच महिन्यात त्या फाइलमध्ये हात घालील आणि तेथून दोन्ही प्रणालींच्या वाटा वेगळ्या होतील. त्यानंतर आपण केलेली एखादी दुरुस्ती त्यांच्या कोडमध्ये सरळ बसणार नाही.

ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनच्या डिजिट या मुक्तस्रोत मंचावर कराची शीर्षे आणि दर कोडबाहेर ठेवलेले आहेत. ते प्रत्येक शहरासाठी स्वतंत्र माहिती-फाइलींत असतात आणि पडद्यावरील मजकूरही भाषेनुसार वेगळा साठवला जातो, म्हणूनच एकाच कोडवर अनेक शहरे चालू शकतात. राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियानातील उपयोग हा मंचही त्याच्याच पायावर उभा आहे. आपली प्रणाली देण्याआधी एक चाचणी करून पाहा. कोडची एकही ओळ न बदलता, केवळ दर आणि प्रभागांची यादी बदलून, दुसऱ्या गावाचे बिल निघते का? निघत नसेल, तर आधी ते काम करून घ्या, मगच कोड द्या.

तालिन्नहून

मी एस्टोनियात नोकरी करतो, म्हणून येथील अनुभव मांडतो. शासकीय माहितीची देवाणघेवाण करणारी एक्स-रोड ही प्रणाली एस्टोनियात २००१ पासून आहे आणि पुढे फिनलंडनेही तीच घेतली. दोन देशांनी एकाच कोडच्या दोन प्रती स्वतंत्रपणे वाढवत नेल्या असत्या, तर काही वर्षांत त्या एकमेकींना ओळखीच्याही राहिल्या नसत्या. म्हणून २०१७ मध्ये दोघांनी मिळून तालिन्न येथे एक संस्था स्थापन केली आणि गाभ्याची, म्हणजे सर्वांना सामायिक असलेल्या मूळ कोडची, देखभाल तिच्याकडे सोपवली. पुढे आइसलँडही तिचा सदस्य झाला. गाभ्यात काय घ्यायचे हे सदस्य मिळून ठरवतात, परंतु आपापल्या देशात प्रणाली चालवण्याची जबाबदारी ज्याची त्याच्याकडेच राहते.

बिघाड कोणी पाहायचा, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला याच विभागणीत दिसते. सर्व्हर, बॅकअप आणि आपल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही शेजारच्या नगरपरिषदेची जबाबदारी असावी, तर गाभ्यातील दोष एकाच सामायिक भांडारात नोंदवून तेथेच दुरुस्त व्हावा. त्यासाठी दोन्ही नगरपरिषदांनी वार्षिक देखभालीच्या तरतुदीतून थोडी रक्कम एकत्र करावी आणि दुरुस्त्या कोण स्वीकारणार त्या व्यक्तीचे पद लेखी ठरवावे. सुरुवातीला आपल्याच कक्षातील एखाद्या अधिकाऱ्याकडे हे काम दिले तरी चालेल.

कर_संगणक_कक्ष

सर्वांचे मनापासून आभार. चाचणी करून पाहिली. वृक्ष कराचा दर खरोखरच कोडमध्ये लिहिलेला सापडला. तो बाहेर काढून घेऊ. आणखी एक शंका आहे. आमच्याकडे सुरुवातीपासूनचा सर्व कोड गिटमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आहे, तर तेच भांडार जसेच्या तसे खुले केले तर चालेल का?

नगरप्रणाली_विकसक

तसे करू नका. डेटाबेसचा पासवर्ड किंवा चाचणीसाठी घेतलेली खऱ्या करदात्यांची यादी नंतर फाइलमधून काढली असली, तरी गिटच्या इतिहासात ती तशीच राहते आणि कोणालाही वाचता येते. आताच्या स्थितीतील कोड तपासून तो नव्या, रिकाम्या भांडारात पहिली नोंद म्हणून टाका, काल्पनिक नावांचा नमुना-डेटा सोबत द्या आणि खुले करण्याआधी चालू प्रणालीतील सर्व पासवर्ड बदला. जुने भांडार कार्यालयातच जपून ठेवा, लेखापरीक्षणाला ते लागेल.