गाड्यांची रांग रखडलेली असताना सायकल काढायची कुठून, डावीकडून की मधून? (इंदूर)

सुदामानगरची_पेडलवाली
नमस्कार मंडळी. सुदामा नगरहून पलासियाला ऑफिसला सायकलने जायला लागलेय. महूनाक्यापर्यंत काही त्रास नाही, पण कलेक्टोरेटपासून पुढे गाड्या रखडत चालतात आणि मधुमिलन, रीगलला तर उभ्याच असतात, एमजी रोडला हायकोर्टासमोर पण तेच. आता एवढी रांग लागलेली असताना सायकलवाल्याने मागे धूर खात उभं राहायचं का बाजूने पुढे जायचं, आणि जायचं तर कुठून? डावीकडे फुटपाथला लागून जागा दिसते खरी पण नेमकं तिकडूनच ई-रिक्षातनं लोक उतरतात. दोन रांगांच्या मधून स्कूटीवाले जातात, त्यांच्या मागे मागे गेलं तर आणखी मागचे स्कूटीवाले हॉर्न मारून जीव खातात. सासूबाई म्हणतात सायकल सोड आणि स्कूटी घे, नवरा म्हणतो हेल्मेट घातलंय ना मग जा बिनधास्त. मला दोघांचंही पटत नाहीये म्हणून इथे विचारतेय. सायकल गिअरवाली आहे, सरळ हँडलची, टायर जरा जाड.

रामबागकर_काका
ताई, ओव्हरटेक उजवीकडून करायचा असा नियम आहे, मोटारवाल्यांना तर तो पाठ असायला हवा. पण आपल्या इंदूरात सायकल म्हटली की सगळे म्हणतात कडेने जा, कडेने जा. कडेने जाणं वेगळं आणि थांबलेल्या गाडीच्या डाव्या अंगाने पुढे घुसणं वेगळं. ऑटो, ई-रिक्षा, सिटी बस, व्हॅन, सगळ्यांची सवारी डावीकडेच उतरते आणि उतरणारा माणूस मागे बघत नाही, तो खिशात सुट्टे पैसे शोधत असतो. त्यात ई-रिक्षाचा आवाज नाही, कधी थांबली कधी हलली कळत नाही. गाड्या थांबल्या असतील आणि डावीकडे ऑटो, रिक्षा, बस काहीही दिसत असेल तर मी सरळ मागे उभा राहतो. एका सिग्नलने काय बिघडतं. फारच अडलं तर उतरायचं आणि फुटपाथवरून सायकल ढकलत चौराहा पार करायचा, त्यात कसला आलाय कमीपणा.

क्रँकसेट
काकांशी अर्धा सहमत, अर्धा नाही. सगळ्या रांगांच्या मागे उभं राहायचं तर सायकल घ्यायची कशाला, आपला फायदाच तो आहे की जाम लागला तरी आपण अडकत नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या करायच्या, थांबलेली रांग आणि रांगत चाललेली रांग. थांबलेली असेल तर हळू जाता येतं. रांगत असेल, म्हणजे जरा सरकली, थांबली, परत सरकली, ती जास्त बेकार कारण प्रत्येक ड्रायव्हर तेव्हा शेजारची लेन पळतेय का बघत असतो आणि जागा दिसली की इंडिकेटर न देता कट मारतो. अशा वेळी मी बाजूने काढतच नाही. लेनच्या मधोमध, पुढच्या गाडीच्या मागे, त्याच्याच स्पीडने. गाड्या दहाने चालल्यात आणि आपणही दहाने चालतोय तर आपण पण ट्रॅफिकच झालो ना, कडेला चिकटायची गरजच नाही. कडेला चिकटलं की मागचा आपल्या बाजूने घुसतो आणि मग त्याच्या आणि फुटपाथच्या मधे आपण.

आता स्पीडचं. १५ ने जात असाल तर एका सेकंदात ४ मीटरच्या वर जाता, म्हणजे एक अख्खी हॅचबॅक. समोर दार उघडलं आणि ते बघून ब्रेक दाबायला एक सेकंद लागला तर ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही दारात. म्हणून थांबलेल्या गाड्यांच्या शेजारून ७-८ च्या वर नाही, पायी चालणाऱ्यापेक्षा थोडंसं जास्त एवढंच. दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर. आणि सरळ हँडल चांगलं ६० सेंटीमीटरच्या वर रुंद असतं, दोन आरशांच्या मधून जात नसेल तर जात नाही, वाकडं करून बघू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, रांगेत मधेच मोकळी जागा दिसली की खूश होऊ नका. एवढ्या गर्दीत इंदूरचा ड्रायव्हर पुढे जागा सोडतो ती उगाच नाही, कोणालातरी जाऊ देत असतो. समोरून गल्लीत वळणारी अॅक्टिवा, रस्ता ओलांडणारी आजी, दुकानासमोरून निघणारी गाडी. तुम्हाला ते दिसत नाही कारण मधे एसयूव्ही उभी आहे, आणि त्यांनाही तुम्ही दिसत नाही. गॅपच्या आधी जवळजवळ थांबायचं, मान काढून बघायचं, मग जायचं. मला विचाराल तर डावीकडून की उजवीकडून यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

सुदामानगरची_पेडलवाली
गॅपचं लक्षात नव्हतं आलं, खरंय, टीआय मॉलच्या आसपास अगदी असंच होतं. पण मग नेमकं कुठून ते सांगाच ना. आणि सिग्नल हिरवा झाला आणि मी मधेच असले तर?

क्रँकसेट
दोन रांगा पूर्ण उभ्या असतील तर दोघींच्या मधून. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या रांगेतला तुम्हाला खिडकीतून आणि उजव्या आरशात सहज बघू शकतो. डावीकडे फुटपाथला लागून गेलात तर मधे अख्खी सीट आणि पलीकडचा आरसा. अर्थात मधून जाताना उजव्या रांगेचे डावे दरवाजे तुमच्या बाजूला येतात म्हणून तिकडच्या गाड्यांच्या मागच्या काचेतून बघायचं डोकी किती आहेत, मागच्या सीटवरचं कोणी हलतंय का. टॅक्सी असेल तर जास्त संशय घ्यायचा, सवारी सिग्नललाच उतरते. एकच रांग आहे आणि उजवीकडे डिव्हायडर, तर तिथे नाही शिरायचं, पळून जायला जागाच उरत नाही.

सिग्नलचं सोपं आहे, जिथे टायमर आहे तिथे बघा. लाल अजून बराच बाकी असेल तरच रांगेत शिरायचं. १०-१५ सेकंद उरलेत तर मागेच थांबा. टायमर नसेल आणि पुढची गाडी हलताना दिसली तर? सगळ्या गाड्या एकदम नाही हलत, प्रत्येक गाडी तिच्या पुढचीच्या एक-दोन सेकंद नंतर हलते, म्हणजे पुढे ब्रेक लाइट विझायला लागले की तुमच्याकडे थोडा वेळ असतो. त्या वेळात पुढे पळायचं नाही, शेजारच्या ड्रायव्हरकडे बघून हात दाखवून दोन गाड्यांच्या मधे लेनमध्ये यायचं. हात दाखवला की लोक देतात जागा, हॉर्न मारतील पण देतात.

कारवाला_भिया
मी सायकल चालवत नाही, कार चालवतो, रोज विजय नगर ते नवलखा, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. राग नका मानू पण जाममध्ये आमचं लक्ष पुढच्याच्या बंपरवर असतं आणि खरं बोलायचं तर मोबाइलवर पण असतं. डाव्या आरशात बघायची सवय फार कमी जणांना, कित्येक गाड्यांचा डावा आरसा दुमडलेलाच असतो कारण कोणीतरी हँडल मारून जातं. तुम्ही आरसा बघून ओळखू शकता, आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं तर त्यालाही तुम्ही दिसू शकता, नाही दिसलं तर तुम्ही त्याच्यासाठी नाहीच आहात.

दुसरं, एबी रोडला आता बीआरटीएसची जुनी सवय सोडा. २०१३ पासून बसची लेन वेगळी होती आणि बाकीचे सगळे बाजूला कोंबलेले, पण सवयीचं झालं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने काढायला सांगितलं, आणि रेलिंग जिथे निघतं तिथे लोक मधूनच यू टर्न मारायला लागतात. तिथे उजवीकडून सायकल काढणाऱ्याला समोरून आडवी गाडी येऊ शकते. रात्री तर मागे लाल लाइट पाहिजेच पण पुढे पण पांढरा लावा, कारण रांगेच्या बाजूने येणारी सायकल आम्हाला आरशात फक्त त्या लाइटमुळे कळते. ब्लिंक होणारा असेल तर अजून चांगलं.

लंडनहून_परत
तिकडे काही वर्षं होतो आणि सायकलनेच जायचो. रांगेच्या बाजूने पुढे जायला तिकडे कायद्याने बंदी नाही, पण सगळं शिक्षण लॉरीपासून लांब राहा याचंच. लॉरी किंवा बस डावीकडे वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत जात नाही, आतल्या बाजूला कापत जातं, आणि डावीकडे अडकलेला सायकलवाला तिथेच असतो. ड्रायव्हर उंच बसतो, त्याला पुढच्या आणि डाव्या कोपऱ्यातलं खालचं दिसत नाही. लंडनमध्ये तर १२ टनांच्या वरच्या गाडीला ड्रायव्हरच्या खिडकीतून किती दिसतं यावर स्टार देतात आणि परमिट नसेल तर २०२१ च्या मार्चपासून दंड लागतो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून नियम अजून कडक केलाय. आपल्याकडे ते कधी येईल तेव्हा येईल, तोपर्यंत सरळ हिशोब, ट्रक, बस, डंपर, पाण्याचा टँकर, यांच्या शेजारी उभं राहायचं नाही, थांबलेले असले तरी नाही. एक तर त्यांच्या बऱ्याच मागे, नाहीतर एवढं पुढे की ड्रायव्हर काचेतून तुमचं डोकं बघतोय. मधली जागा नाही.

आणि घरी सगळ्यांना एक शिकवा, कारमधून उतरताना दाराजवळचा हात नाही वापरायचा, पलीकडचा वापरायचा. उजवीकडे बसलात तर डाव्या हाताने दार उघडा, अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ ला लिहूनच टाकलंय. ताई, तुमच्या नवऱ्यापासून सुरुवात करा, ते हेल्मेटवर फार विसंबून आहेत असं दिसतं.

सुदामानगरची_पेडलवाली
हाहा, त्याला वाचून दाखवलं. म्हणतोय लंडनवाल्यांना सांग आमच्याकडे गाय पण असते रांगेत.

भंवरकुआंची_आई
मधे विचारते, माझी मुलगी अकरावीला आहे, भंवरकुआंला कोचिंगला सायकलने जाते. तिथे क्लास सुटल्यावर जी गर्दी होते ती सगळ्यांना माहितीये. ती म्हणते सगळ्या मुली डावीकडून पुढे जाऊन लाइनच्या पुढे उभ्या राहतात. पुढे गेलं की सेफ का?

रामबागकर_काका
बाई, पुढे उभं राहणं चांगलंच, पण कुठे उभं राहिलं ते बघा. बऱ्याच चौराह्यांवर डावीकडे वळणाऱ्यांना सिग्नल नसतो, ते सतत जात असतात. सरळ जाणारी पोर त्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली की मागून हॉर्नचा मारा सुरू, घाबरून ती पुढे सरकते आणि झेब्राच्याही पुढे जाते. तिला सांगा, सरळ जायचं असेल तर डावीकडे वळणाऱ्यांच्या उजव्या बाजूला उभी राहा, कडेला नाही. आणि मैत्रिणी शेजारी शेजारी गप्पा मारत नकोत, रांगेच्या बाजूने जाताना एकामागे एक. कोचिंगची पोरं ऐकतील का हा वेगळा प्रश्न, आमची ऐकत नव्हती.

अजून एक इंदुरी प्रकार राहिला. सकाळी कॉलनीत कचरा गाडी गाणं वाजवत उभी असते, मागे दोन-चार गाड्या अडकतात आणि सायकलवाला म्हणतो मी निघतो बाजूने. त्याच वेळी डस्टबिन घेऊन समोरच्या घरातून माणूस धावत येतो, त्याचं सगळं लक्ष गाडी निघून जाईल का याच्यावर. स्वच्छतेत आठ वेळा पहिला नंबर आलाय आपला, डस्टबिनवाल्याला कोण बोलणार. तिथे थांबाच.

क्रँकसेट
हे भारी, माझ्या कॉलनीत पण सेम. भंवरकुआंवाल्या ताई, मुलीच्या सायकलचे ब्रेक एकदा बघून घ्या, पावसाळ्यात रिम ओली झाली की रबराचे ब्रेक पहिलं पाणी पुसतात आणि मग पकडतात, रांगेच्या शेजारून जाताना तेवढा वेळ नसतो. पाऊस असेल तर मी बाजूने काढतच नाही. घंटी पण चालू पाहिजे, काचा बंद असलेल्या कारला ती ऐकू जात नाही हे खरं, पण रांगेतून पायी येणाऱ्याला ऐकू जाते, आणि जास्त करून तेच आडवे येतात.

सुदामानगरची_पेडलवाली
खूप कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. सध्या असं ठरवलंय, रांग सरकत असेल तर लेनमध्ये मागे, पूर्ण थांबली आणि टायमर मोठा असेल तरच मधून, बस-टँकर दिसला की नाहीच. रीगलचं मात्र कळत नाहीये, तिथे इतक्या बाजूंनी गाड्या येतात की कोणती रांग कोणाची ते समजत नाही.

कारवाला_भिया
रीगल आम्हाला कारमध्ये बसून समजत नाही. तुम्ही छावणीवरून व्हाइट चर्चकडे निघून रेसिडेन्सीच्या बाजूने पलासियाला का नाही जात? थोडं लांब पडेल पण झाडं आहेत आणि सकाळी तिकडे सायकलवाले बरेच दिसतात. गीता भवनला तेवढी एक रांग लागेल.

सुदामानगरची_पेडलवाली
उद्या सुट्टी आहे, रिकाम्या रस्त्यावर एकदा जाऊन बघते. गीता भवनला टायमर चालू असतो का कोणाला माहितीये?

रामबागकर_काका
परवा तरी चालू होता.